सीमेवरच्या भिंतीचा हिशेब

अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि मेक्सिको यांच्यामधली सीमा पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर, सॅन दिएगो आणि तिहुआना या दोन शहरांच्या मधून निघते आणि वाळवंट, डोंगर, गुराढोरांची माळराने व एका मोठ्या नदीचे पात्र यांतून वाट काढत ३,१४५ किलोमीटरवर मेक्सिकोच्या आखाताला मिळते. या सीमेवर भिंत उभारण्याची घोषणा २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डॉनल्ड ट्रम्प यांनी गाजवली, आणि तेव्हापासून तिच्याबद्दल जी चर्चा झाली ती बहुतेक स्थलांतर चांगले की वाईट या प्रश्नाभोवती फिरत राहिली. बांधकाम म्हणून ही भिंत कितपत शक्य आहे, हा प्रश्न त्या गदारोळात दोन्ही बाजूंनी एका वाक्यात निकाली काढला गेला. समर्थकांच्या मते ती सहज बांधता येते आणि विरोधकांच्या मते ती बांधणेच अशक्य आहे. प्रत्यक्षात गेल्या काही दशकांत या सीमेवर झालेल्या कामाचा अनुभव असे दाखवतो की सिमेंट आणि पोलाद हा या प्रकल्पातला सर्वांत सोपा भाग आहे, आणि खरी अडचण जमीन, पाणी आणि भिंत उभी राहिल्यानंतर तिच्यामागे कायम ठेवावी लागणारी माणसे यांची आहे.

आधी सोप्या भागाचा हिशेब पाहता येईल. डोंगर आणि नदी यांमुळे उरलेली सीमा आपोआप सुरक्षित आहे, सबब १,००० मैल म्हणजे १,६०० किलोमीटर भिंत पुरेल, असे ट्रम्प सुरुवातीला सांगत असत. ही भिंत ९ मीटर उंच आणि केवळ ३० सेंटिमीटर जाड काँक्रीटची धरली, तर जमिनीवरच्या भागालाच सुमारे ४३ लाख घनमीटर काँक्रीट लागते. कोलोराडो नदीवरच्या प्रसिद्ध हूवर धरणात सुमारे २५ लाख घनमीटर काँक्रीट आहे, म्हणजे पाया न मोजताही जवळजवळ पावणेदोन धरणे झाली. एका मिक्सर ट्रकमध्ये ६ घनमीटर माल मावतो असे धरल्यास सात लाखांहून अधिक खेपा होतात. त्यातही मिश्रणात पाणी पडल्यापासून साधारण दीड तासाच्या आत काँक्रीट ओतावे लागते, आणि वाळवंटातल्या उन्हात हा अवधी आणखी कमी होतो. त्यामुळे ते दूरच्या शहरातून आणता येत नाही, ते तयार करण्याचे कारखाने सीमेजवळच उभारावे लागतात, तिथवर खडी, वाळू आणि सिमेंट नेण्यासाठी आधी रस्ते करावे लागतात आणि पाण्यासाठी विंधनविहिरी खोदाव्या लागतात. एका घनमीटरला दीड-पावणेदोनशे लिटर पाणी धरले तरी एकूण गरज सत्तर कोटी लिटरांच्या आसपास जाते, आणि तीही जिथे वर्षाकाठी जेमतेम काही इंच पाऊस पडतो अशा मुलखात.

हे आकडे डोळे दिपवणारे असले तरी पाऊण लाख किलोमीटरहून अधिक लांबीचे आंतरराज्य महामार्ग बांधणाऱ्या देशाला ते अशक्य नाहीत. काँक्रीटची सलग भिंत मागे पडली ती वेगळ्या कारणाने. २०१७ मध्ये सॅन दिएगोजवळच्या ओटाय मेसा येथे भिंतीचे आठ नमुने उभारून त्यांवर चढण्याची, त्यांना भोके पाडण्याची आणि त्यांखालून खणण्याची चाचणी घेण्यात आली. सीमेवर गस्त घालणाऱ्या जवानांचे म्हणणे आधीपासूनच स्पष्ट होते, की पलीकडचे दिसत नसेल अशी भिंत त्यांना नको आहे, कारण भिंतीआड माणसे जमली आहेत की नाहीत, हे कळायचा मार्ग उरत नाही. अखेर जी रचना सर्वत्र वापरली गेली ती पोलादी खांबांची आहे. साधारण १५ सेंटिमीटर रुंदीच्या चौकोनी पोकळ नळ्या, आत लोखंडी गज आणि काँक्रीट, दोन खांबांमध्ये १० सेंटिमीटरची फट आणि वरच्या टोकाला हाताला पकड मिळू नये म्हणून गुळगुळीत पोलादी पत्रा, असे तिचे स्वरूप असते. कारखान्यात जोडून आणलेल्या खांबांच्या या चौकटी क्रेनने दोन-तीन मीटर खोल चरात उभ्या करायच्या आणि चर काँक्रीटने भरायचा, एवढेच काम जागेवर उरते. ट्रम्प यांच्या भाषणांतली भिंत आणि वाळवंटात प्रत्यक्ष उभी राहिलेली भिंत यांत इथेच मोठे अंतर पडले, आणि हे अंतर शहाणपणाचेच होते असे म्हणावे लागते.

खर्चाचा अंदाज मात्र दरवेळी चुकत गेला. २००६ मध्ये जॉर्ज बुश यांच्या काळात झालेल्या कायद्यानुसार सुमारे ७०० मैलांचे कुंपण ठरले होते, आणि त्यातून जवळजवळ ६५४ मैलांचे अडथळे उभे राहिले. पण त्यांपैकी निम्म्याहून थोडेच अधिक पादचाऱ्यांना अडवणारे होते, बाकीचे केवळ गाड्या रोखणारे, माणूस ज्यांच्यामधून वाकून सहज पार होईल असे आडवेतिडवे खांब होते. त्या वेळी पादचारी कुंपणाचा सरासरी खर्च मैलाला ६५ लाख डॉलर आला. २०१७ ते जानेवारी २०२१ या काळात ४५८ मैल, म्हणजे ७३७ किलोमीटर भिंत बांधली गेली आणि तिच्यासाठी सुमारे १५ अब्ज डॉलरची तरतूद झाली. म्हणजे किलोमीटरला जवळजवळ दोन कोटी डॉलर. शिवाय या ४५८ मैलांपैकी बहुतांश काम जुने, बुटके किंवा गाड्यांपुरते अडथळे काढून त्या जागी नवे बसवण्याचे होते, आणि जिथे पूर्वी काहीच नव्हते अशा ठिकाणी उभी राहिलेली मुख्य भिंत अवघी पन्नासेक मैलांची होती. पैसा मिळवण्याची वाटही सरळ नव्हती. अमेरिकी संसदेने ५.७ अब्ज डॉलरची मागणी अडवून धरल्यामुळे २०१८-१९ च्या हिवाळ्यात सरकारी कारभार अंशतः ३५ दिवस ठप्प झाला, आणि त्यानंतर राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून लष्करी बांधकामाचा निधी या कामाकडे वळवावा लागला.

भूगोल हा अडथळा वाटतो तितका सरसकट नाही. कॅलिफोर्नियाच्या आग्नेय टोकाला अल्गोदोनेस येथे वाऱ्याबरोबर सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या आहेत, जिथे खोल पायाला अर्थच नाही. तिथे वाळूवर नुसते टेकलेले, त्रिकोणी बैठकीचे कुंपण २००८ च्या सुमारास बसवले गेले, आणि वाळूने ते गाडले जाऊ लागले की यंत्राने उचलून पुन्हा वर ठेवायचे, अशी योजना करण्यात आली. टेक्सासमधल्या बिग बेंड भागात सांता एलेना दरीचे कडे नदीपासून साडेचारशे मीटर सरळ वर गेलेले आहेत, आणि तिथे भिंत बांधणे म्हणजे निसर्गाने फुकट दिलेल्या भिंतीवर पैसे उधळणे होय. ॲरिझोनाच्या डोंगराळ पट्ट्यात सुरुंग लावून उतार फोडले गेले. दुर्गम भागात भिंतीपेक्षा तिच्यापर्यंत पोचणारा रस्ताच मोठे काम ठरतो, आणि जिथे आधी पायवाटही नव्हती तिथे तयार झालेला हा रस्ता चोरट्या वाहतुकीलाही उपयोगी पडू शकतो.

पाण्याचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण पाणी सीमा मानत नाही आणि भिंत फिरवून घेता येत नाही. सीमेचा जवळजवळ दोन हजार किलोमीटरचा, म्हणजे निम्म्याहून अधिक भाग हा रिओ ग्रांदे नदीच्या पात्रातून जातो. नदीच्या मध्यावर भिंत बांधता येत नाही, हे उघड आहे. पण काठावरही ती मनाला येईल तशी बांधता येत नाही, कारण अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातल्या १९७० च्या सीमाकरारानुसार नदीचा नेहमीचा किंवा पुराचा प्रवाह अडेल वा दुसऱ्या बाजूला वळेल असे बांधकाम कोणत्याही देशाने पूरक्षेत्रात करायचे नाही. म्हणून भिंत पूररेषेच्या मागे, कधी नदीपासून मैल-दीड मैल आत सरकते, आणि अमेरिकेचीच घरे, शेते आणि संत्र्या-मोसंबीच्या बागा तिच्या पलीकडे राहतात. टेक्सासच्या हिदाल्गो परगण्यात यावर एक व्यवहारी तोडगा निघाला होता. तिथे पुरापासून बचावासाठी असलेल्या मातीच्या बांधालाच नदीकडच्या बाजूने काँक्रीटचे उभे तोंड देण्यात आले आणि एकाच खर्चात दोन कामे झाली.

ॲरिझोनातल्या कोरड्या नाल्यांनी तर भिंतीची परीक्षाच घेतली. तिथला पावसाळा जुलै ते सप्टेंबर असा असतो, आणि वर्षभर कोरडा ठणठणीत असलेला नाला तासाभरात दुथडी भरून वाहू लागतो. १२ जुलै २००८ च्या वादळी पावसात ऑर्गन पाइप कॅक्टस या राष्ट्रीय स्मारक-वनात नव्या जाळीदार कुंपणावर काटक्या, झुडपे आणि गवत अडकून जाळी बुजली आणि कुंपण धरणासारखे पाणी साठवू लागले. त्याच दिवशी नोगालेस शहराखालून जाणाऱ्या पर्जन्यजलाच्या बोगद्यात सीमा गस्तीदलाने घातलेल्या काँक्रीटच्या आडभिंतीमुळे पाणी तुंबले आणि मेक्सिकोच्या बाजूचे नोगालेस जलमय झाले. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०११ मध्ये, ऑर्गन पाइपमधल्या कुंपणाचा सुमारे १२ मीटरचा तुकडा पुराने आडवा केला. या अनुभवातून पुढच्या बांधकामात नाल्यांच्या जागी मोठी फाटके बसवण्यात आली. ती पावसाळ्यात उघडी ठेवावी लागतात, नाहीतर पाणी ती उखडून नेते, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये आग्नेय ॲरिझोनात तसे घडलेही. दरवर्षी दोन-तीन महिने ठरलेल्या ठिकाणी उघडीच राहणारी भिंत अखंड म्हणता येईल का, याचे उत्तर वाचकाला वेगळे सांगायला नको. पाण्याचा दुसरा तंटा ऑर्गन पाइपमधल्याच किटोबाकिटो या झऱ्याचा आहे. २०२० मध्ये त्याच्या परिसरात काँक्रीटसाठी भूजल उपसले जात असताना तिथल्या तळ्याची पातळी घसरली, आणि ज्यांच्यासाठी ते स्थान पवित्र आहे त्या तोहोनो ओ'ओधाम आदिवासींनी याविरुद्ध आवाज उठवला.

तथापि सगळ्यांत चिवट प्रश्न जमिनीचा आहे, आणि भूसंपादनाची प्रकरणे पाहिलेल्या मराठी वाचकाला तो समजायला वेळ लागणार नाही. १९०७ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको येथे सीमेलगतची ६० फूट रुंदीची सरकारी जमिनीची पट्टी राखीव ठेवली, त्यामुळे तिथे भिंतीला जागा जवळजवळ तयार मिळाली. टेक्सासमध्ये अशी पट्टी नाही. टेक्सास १८४५ मध्ये संघराज्यात सामील झाले तेव्हा आपल्या सार्वजनिक जमिनी त्याने स्वतःकडेच ठेवल्या होत्या, आणि सीमेलगतची बहुतेक जमीन आज खासगी मालकीची आहे. तिच्यातही अठराव्या शतकातल्या स्पॅनिश राजवटीची गुंतागुंत मिसळलेली आहे. १७६७ मध्ये नदीकाठच्या वसाहतींना जमिनी वाटताना प्रत्येकाच्या गुरांना पाणी मिळावे म्हणून नदीला टेकलेल्या, अरुंद आणि आत लांबवर गेलेल्या पट्ट्या आखल्या गेल्या होत्या. पिढ्यान्पिढ्या वाटणी न होता त्या सामाईक राहिल्या, वारस वाढत गेले आणि पांगले. भिंतीसाठी जमिनीचा एक चिंचोळा तुकडा घ्यायचा तर आधी मोजणी, मग प्रत्येक सहहिस्सेदाराचा शोध आणि नोटीस, मग मोबदल्याची बोलणी आणि ती फिसकटली की न्यायालय, अशा पायऱ्या चढाव्या लागतात.

अमेरिकी सरकारच्या हातात यासाठी दोन प्रभावी शस्त्रे आहेत. १९३१ च्या एका कायद्यानुसार अंदाजे किंमत न्यायालयात भरून जमिनीचा ताबा लगेच घेता येतो आणि मोबदल्याचा वाद मागाहून चालत राहतो. २००८ मध्ये दाखल झालेली अशी काही प्रकरणे दहा वर्षांनंतरही निकाली निघाली नव्हती. दुसरे शस्त्र अधिक धारदार आहे. २००५ च्या कायद्याने अंतर्गत सुरक्षा खात्याच्या मंत्र्याला असा अधिकार दिला, की सीमेवरच्या बांधकामाला आड येणारा कोणताही कायदा, मग तो वन्यजीवांचा असो, स्वच्छ पाण्याचा असो की प्राचीन अवशेषांच्या संरक्षणाचा, तो त्या कामापुरता बाजूला ठेवू शकतो. जग्वार आणि सोनोरन प्राँगहॉर्न या दुर्मीळ प्राण्यांचे मार्ग भिंतीने तुटत असतानाही काम थांबले नाही ते या अधिकारामुळे. पण खासगी मालमत्तेला योग्य मोबदला देण्याचे बंधन राज्यघटनेतच असल्यामुळे ते मंत्र्याला बाजूला ठेवता येत नाही, आणि म्हणून जग्वारापेक्षा टेक्सासमधला जमीनमालक भिंतीला जास्त काळ थोपवून धरू शकला. तोहोनो ओ'ओधाम यांच्या आरक्षित प्रदेशातली सुमारे १०० किलोमीटर सीमाही अशीच वेगळी आहे. त्यांनी गाड्या अडवणारे खांब आणि टेहळणीचे मनोरे मान्य केले, भिंत मात्र नाकारली, कारण त्यांच्या समाजाची वस्ती सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे.

भारताने याच प्रश्नाला वेगळ्या वाटेने तोंड दिले आहे. बांगलादेशाबरोबरच्या ४,०९६ किलोमीटर सीमेपैकी तीन हजारांहून अधिक किलोमीटरवर काटेरी तारांचे कुंपण झाले आहे, म्हणजे लांबीच्या हिशेबाने भारताने अमेरिकेला केव्हाच मागे टाकले. परंतु १९७५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्यक्ष सीमारेषेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणात्मक बांधकाम करायचे नसल्यामुळे हे कुंपण आत सरकले, आणि कित्येक शेतकऱ्यांची जमीन त्याच्या पलीकडे गेली. सीमा सुरक्षा दलाने फाटक उघडले की शेतावर जायचे आणि बंद होण्याआधी परतायचे, हा तिथला दिनक्रम झाला. आसाममधल्या धुबरी भागात ब्रह्मपुत्रेची बेटे दर पुरात जागा बदलतात, तिथे कुंपण उभेच राहू शकत नाही. त्या ६१ किलोमीटरच्या पट्ट्यात २०१९ पासून कॅमेरे, संवेदक आणि रडार यांवर भिस्त ठेवण्यात आली. अमेरिकेनेही ॲरिझोनात बोइंग कंपनीकडून असाच अदृश्य पहारा उभारण्याचा प्रयत्न केला होता, पण सुमारे एक अब्ज डॉलर खर्चून ५३ मैलच व्यापल्यानंतर २०११ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला.

उभ्या राहिलेल्या भिंतीचा उपयोग किती, हे समजण्यासाठी सीमा गस्तीदलाचे स्वतःचे गणित पाहावे. त्यांच्या दृष्टीने भिंत माणसाला थांबवत नाही, फक्त उशीर करते, आणि या उशिराची किंमत जागेनुसार बदलते. शहरात सीमा ओलांडलेला माणूस काही मिनिटांत गर्दीत मिसळतो, म्हणून तिथे भिंतीने मिळवून दिलेली पाच मिनिटे निर्णायक ठरतात. निर्मनुष्य वाळवंटात त्याला जवळच्या रस्त्यापर्यंत पोचायला तास किंवा दिवस लागतात, तिथे त्याच पाच मिनिटांना काही मोल नसते. सॅन दिएगो आणि एल पासो या शहरांत कुंपणाला यश मिळाले ते यामुळे, आणि त्या यशाचा दाखला देऊन वाळवंटातही तेच करावे असे म्हणणे चुकीचे ठरते ते याचमुळे. शिवाय या पाच मिनिटांत तिथे पोचणारा माणूस नसेल, तर भिंत ओलांडायला शिडीही पुरते. हार्डवेअरच्या दुकानात शंभरेक डॉलरला मिळणाऱ्या विजेच्या करवतीने पोलादी खांब बुंध्याशी कापता येतो, आणि २०१९ ते २०२१ या तीन आर्थिक वर्षांत सरकारी नोंदीनुसार तीन हजारांहून अधिक ठिकाणी भिंत अशी फोडली गेली. नळी कापली की खांब खालून सुटा होतो, तो उंच असल्यामुळे त्याला हेलकावा देऊन माणूस जाईल एवढी फट करता येते, आणि नंतर तो जागेवर ढकलून कापलेली जागा बुजवली की गस्तीवाल्याच्या लवकर लक्षातही येत नाही. जमिनीखालची वाट वेगळीच. १९९० पासून दोनशेहून अधिक भुयारे सापडली, आणि २०२० मध्ये ओटाय मेसाजवळ उघड झालेले भुयार १,३१३ मीटर लांब होते व त्यात रूळ, हवेची सोय आणि उद्वाहक होता. उंची वाढवल्याचा एक परिणाम मात्र निर्विवाद दिसला. सॅन दिएगोतल्या एका अपघात-उपचार केंद्रात भिंतीवरून पडून दाखल झालेल्या जखमींची संख्या २०१६-१८ मधील ६७ वरून, भिंत ३० फुटांची झाल्यानंतरच्या २०१९-२१ या काळात ३७५ वर गेली.

आश्रय मागणाऱ्यांच्या बाबतीत तर भिंतीचे तर्कशास्त्रच लागू पडत नाही. भिंत अमेरिकेच्या जमिनीवर, सीमारेषेपासून थोडी आत बांधलेली असते. त्यामुळे तिच्या बुडाशी येऊन उभे राहिलेले कुटुंब अमेरिकेच्या भूमीवर आधीच पोचलेले असते आणि त्याला पळायचे नसते, उलट गस्तीवाल्याने आपल्याला ताब्यात घ्यावे असेच हवे असते. व्हिसावर विमानाने येऊन मुदत संपल्यावर न परतणाऱ्यांशीही तिचा संबंध येत नाही, आणि कागदपत्रांविना राहणाऱ्यांमध्ये अशा लोकांचा वाटा मोठा आहे.

भिंतीमागच्या माणसांचा खर्च किती डोईजड होऊ शकतो, याचा एक जुना दाखला भारतातच आहे. मिठाची करचुकवेगिरी रोखण्यासाठी इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात सिंधूपासून ओडिशापर्यंत जकातीची सीमारेषा आखली होती, आणि तिच्या बऱ्याच भागात, पंजाबातल्या लेय्यापासून बऱ्हाणपूरपर्यंत, बोर, बाभूळ आणि निवडुंग यांचे काटेरी कुंपण वाढवले होते. त्या कामाला शिस्त लावणारे अधिकारी म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. वाळवीने आणि वणव्याने कुंपण खाल्ले जाई, दुष्काळात ते वाळे, आणि त्यावर पहारा ठेवायला सुमारे बारा ते चौदा हजार माणसे लागत. १८७९ मध्ये ही रेषा बंद झाली ती कुंपण निकामी ठरले म्हणून नाही. निरनिराळ्या प्रांतांतले मिठावरच्या कराचे दर जवळ आणले गेले आणि चोरट्या मिठातला नफाच संपला.

२०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकी संसदेने भिंतीसाठी ४६.५ अब्ज डॉलर मंजूर केले, त्यामुळे पैशाची सबब या वेळी उरलेली नाही. तरीही त्यानंतर सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेल्या आराखड्यात नदीच्या पात्रात तरंगत्या अडथळ्यांच्या रांगा आहेत, आणि प्रतिकूल भूप्रदेश किंवा दुर्गमता यांमुळे ५०० मैलांहून अधिक सीमा भिंतीविनाच सोडून केवळ कॅमेरे आणि संवेदक यांच्या हवाली केली आहे.